आठ नंबरचा फलाट

‘तुम्हाला काय, आता आरामच आराम!’ असं म्हणून मुलगा-सून मे महिन्यात नातवाला हुबळीच्या दारात सोडून पुण्याला परततात. आजोबांचा आराम तिथंच संपतो.

डॉक्टरांनी रोज तीन किलोमीटर चालायला सांगितलेलं. हिशेब सोपा. हुबळी स्टेशनचा आठ नंबरचा फलाट १,५०७ मीटर लांब, जगात सर्वांत लांब म्हणून २०२३ साली उद्घाटन झालेला. एकदा जाऊन-येऊन कोटा पूर्ण. फक्त नातवाचे पाय पाचशे मीटरवर संपतात, मग पुढची विश्वविक्रमी लांबी आजोबांच्या खांद्यावरून पाहिली जाते.

दुसऱ्या दिवशी ‘चिगरी’ बसनं धारवाड. चिगरी म्हणजे हरीण. तिला स्वतंत्र मार्गिका आहे, आजोबांना नाही. निमित्त नातवाला साधनकेरीचं तळं दाखवण्याचं, पाय मात्र लाइन बाजारकडे वळतात. तिथला पेढा म्हणजे तांबूस होईस्तोवर परतलेला खवा, वर पिठीसाखरेचा थर. आजोबांची साखर दोनशेच्या वर, म्हणून पाव किलो ‘पोरासाठी’.

घरी आजीनं ज्वारीची भाकरी थापलेली, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. नातवाला नूडल्स हव्यात. आजी कानडीत काहीतरी पुटपुटते. घरात मराठी असली तरी राग या घरात कानडीतच येतो.

‘पेढे किती खाल्लेस रे?’

‘मी एक. बाकीचे आजोबांनी. बसमध्येच.’

आजोबा तोवर ओठांवरची पिठीसाखर पुसत, फलाटावर फेरी राहिली म्हणून चप्पल शोधू लागलेले असतात.