ठेवणीतली चिप

दोनचिपे हे त्याचं आडनाव नव्हे, पण न्यूर्नबर्गच्या मराठी मंडळींत तो याच नावानं ओळखला जातो. त्याच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या दोन चिपा आहेत. एक प्रोसेसरच्या पोटातली, रोजच्या घरकामाची. दुसरी वेगळी, दणकट, घसघशीत युरो मोजून घेतलेली. ही दुसरी तो वापरत नाही. बॅटरी खाते म्हणून बंद ठेवतो. आमच्या आईचे पाहुण्यांसाठीचे कप असेच शोकेसमध्ये असायचे. पण ते निदान दिसायचे तरी.

विंडोजवर दोन चिपांची अदलाबदल आपोआप होते. पण आपोआप झालेलं दोनचिपेला पचत नाही. सुसे ही लिनक्सची कंपनी १९९२ साली याच परिसरात जन्मली, म्हणून तो विंडोजऐवजी ओपनसुसे हे लिनक्सच लावतो. गावचा देव सोडून दुसरीकडे नवस कसा बोलायचा? भेटला की आधी सांगतो, "परवा कर्नल अपडेट केलं, स्क्रीनच गेली." यावर आपण सांत्वन करायचं असतं.

मग आख्यान लागतं. २०१० साली चिपवाल्या एनव्हिडियानं ही अदलाबदल करणारं ऑप्टिमस आणलं आणि लिनक्सवाल्यांना वाऱ्यावर सोडलं. हौशी पोरांनी बम्बलबी हा तोडगा काढला. २०११मध्ये त्याच्या स्क्रिप्टमध्ये एक स्पेस जास्त पडली आणि लोकांचं प्रोग्राम ठेवायचं अख्खं 'यूएसआर' फोल्डर पुसलं गेलं. २०१२ला फिनलंडमध्ये कुणीतरी ऑप्टिमसचं हेच गाऱ्हाणं मांडल्यावर लिनक्सचा जन्मदाता खुद्द लिनस टोरवाल्ड्सनं कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. बायकामुलांसमोर दोनचिपे हा प्रसंग तर्जनीवर भागवतो.

गेल्या गणपतीत आरत्या पडद्यावर दाखवायचं काम त्यानं हट्टानं घेतलं. वायर जोडली, पडदा काळाच. या लॅपटॉपचं एचडीएमआय थेट मोठ्या चिपला जोडलेलं, आणि मोठी चिप तर कधीची झोपवलेली! "दोन मिनिटं," म्हणत त्यानं काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केल्या, मग रीस्टार्ट. हॉलचा रखवालदार हाउसमाइस्टर किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा. आम्ही पडद्याविनाच सुरू केलं. पहिली आरती खणखणीत झाली, दुसरी बरी. तिसरीला नुसते ओठ हलत होते आणि टाळ्या मात्र जोरात होत्या.

प्रसाद वाटताना पडदा उजळला. त्यावरच्या गणपतीचा शेंदूर असा झळकला की मोदक खाणारे थांबले.

"बघा, काय रंग आहेत!" दोनचिपेचा ऊर भरून आला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली.

"आठ वॅट जास्त खातेय," तो पुटपुटला आणि चिप परत झोपवायच्या मागे लागला.