सेव्हिल, पाऊण तासात

क्रूझच्या पत्रकावर लिहिलेलं असतं ‘सेव्हिल’, बोट लागते काडिझला. मधलं सव्वाशे किलोमीटर अंतर म्हणे ‘निसर्गरम्य बसप्रवास’. जाऊन-येऊन तीन तास त्यातच जातात. जे कॅथेड्रल उभारायला शंभरावर वर्षं लागली, त्याच्या वाट्याला पाऊण तास उरतो. त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेला.

आत कोलंबसाची कबर आहे. चार राज्यांचे चार पुतळे त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन उभे. हा गृहस्थ १५०६ मध्ये वारला, पण फिरणं काही थांबलं नाही. हाडं स्पेनहून सांतो दोमिंगो, तिथून हवाना आणि १८९८ नंतर परत सेव्हिल. सांतो दोमिंगोवाले अजून म्हणतात, खरी हाडं आमच्याकडेच. सामानाची अशी अदलाबदल क्रूझ कंपन्यांनाही जमलेली नाही.

शेजारी हिराल्दा मनोरा. बाराव्या शतकात मशिदीचा मिनार म्हणून बांधला, आत पायऱ्यांऐवजी उतरण, म्हणजे बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं. आमच्या गटाने एकमुखाने विचारलं, ‘लिफ्ट कुठाय?’ नाही म्हटल्यावर सगळ्यांनी खालूनच फोटो काढले, तेही स्वतःचे. तेवढ्यात गाइडने सतरा नंबरची पाटी उंचावली. बुफे पाचला बंद होतो.