सेवा राहू द्या, फॉर्म भरा

अमेरिकेत २००७ साली सरकारनं शब्द दिला: शाळेत शिकवा, सरकारी इस्पितळात रुग्णसेवा करा, आगी विझवा; शैक्षणिक कर्जाचे १२० मासिक हप्ते भरलेत की उरलेलं माफ. दहा वर्षं लोकांनी इमानेइतबारे हप्ते भरले. जून २०१८ पर्यंत सुमारे २८,००० जणांनी अर्ज केले. माफी मिळाली ९६ जणांना!

बाकीच्यांचा गुन्हा काय? कुणाचं कर्ज सरकारी हमीचं होतं, पण थेट सरकारकडून घेतलेलं नव्हतं. (हा फरक म्हणे अठराव्या वर्षी सही करतानाच कळायला हवा होता.) कुणी भलत्याच परतफेड योजनेत पैसे भरले, ते हप्ते मोजलेच नाहीत. कुणाचा फॉर्मच अपुरा. पुढे नियम सैल झाले आणि दहा लाखांहून अधिक जण सुटले, हेही खरं. पण कागदाची भूक अजून शमलेली नाही.

तेव्हा तिकडच्या गुरुजींनो, जुनं कर्ज थेट कर्जात बदलून घ्या, उत्पन्नानुसार ठरणारा हप्ता निवडा आणि नोकरीचा दाखला दरवर्षी सहीनिशी पाठवा. मुलांना काय, उरलेल्या वेळात शिकवा.