थोरल्या घरचे

पदवीपर्यंतचं शिक्षण आईबापांच्या हौसेचं आणि त्यापुढचं मुलांच्या हौसेचं, असं माझं मत आहे. त्यामुळे एम.टेक.च्या पहिल्या दिवशी बापाने सोबत जायचं कारण नसतं. तरी मी लेकीबरोबर तंजावरला गेलो. निमित्त होतं प्रतिज्ञापत्राचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे 'मी रॅगिंग करणार नाही' हे विद्यार्थ्याने लिहून द्यायचं आणि 'ती करणार नाही' हे पालकाने. हे सगळं आता घरबसल्या ऑनलाइन भरता येतं, ही माहिती मी घरात कुणाला दिली नव्हती.

लेकीचा विषय अन्न तंत्रज्ञान. पुदुकोट्टै रस्त्यावरच्या या संस्थेचं आजचं नाव एका दमात म्हणता येत नाही, पण तिचं मूळ फार साधं आहे. कावेरीच्या मुखाकडच्या या प्रदेशात कुरुवै हंगामाचं भात नेमकं परतीच्या पावसात कापणीला येतं. ते ओलं भात सडण्याआधी वाळवायचं कसं, या एका प्रश्नातून साठच्या दशकाच्या अखेरीस इथलं भात-संशोधन सुरू झालं. भात भिजलं म्हणून विद्यापीठाच्या तोडीची संस्था उभी राहिली. आमच्याकडे कोकणात इतकी वर्षं भात भिजतंय, आम्ही फक्त पंचनामे केले.

ओरिएंटेशनला पालकांची सोय मागच्या रांगांत असते. तिथून मुलांची डोकी दिसतात आणि बापांच्या जांभया. व्यासपीठावरून ध्येय, धोरण, पंचाहत्तर टक्के हजेरी आणि देशाचं भवितव्य असा क्रम चालतो. मग मुलांनी एकेक करून उठायचं आणि नाव, गाव, छंद सांगायचा. छंद विचारला की भारतातला प्रत्येक विद्यार्थी वाचन आणि संगीत-श्रवण सांगतो. माझ्या लेकीनेही सांगितलं. तिच्या हातात शेवटचं पुस्तक मी कधी पाहिलं हे आठवण्यात माझं पुढचं भाषण छान गेलं.

शेवटी 'काही प्रश्न?' असं विचारल्यावर सभागृह गप्प. देशाच्या भवितव्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. खरे प्रश्न बाहेर चहाच्या टेबलापाशी निघाले: मेस किती वाजता उघडते, वायफायचा पासवर्ड कोण देतं, अंघोळीला गरम पाणी मिळतं का. या शेवटच्या प्रश्नावर शेजारची तमिळ मुलं हसली. तंजावरात गरम पाण्याची चौकशी करणारा परप्रांतीय, हे लगेच ओळखू येतं. इथे दुपारी नळाला येतं ते गरमच असतं.

ऐकणाऱ्याला हवं एक आणि व्यासपीठावरून मिळतं भलतंच, या प्रकाराला तंजावरात जुनी परंपरा आहे, आणि तीही मराठीत. इथल्या भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी नाटक आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई. तमिळमध्ये या प्रकाराची नाटकं पुष्कळ. विरहात झुरणारी नायिका आणि तिचा हात बघणारी कुरवंजी हा त्यांचा ठरलेला मामला. सरफोजींनी काय केलं, तर कुरवंजीच्या तोंडी अख्ख्या पृथ्वीचा भूगोल घातला. खंड, देश, समुद्र, सगळं. इंद्राणीला जाणून घ्यायचाय देवेंद्र, आणि बाई सांगतेय युरोप! त्या दिवशी सभागृहात मला राहून राहून त्या इंद्राणीची दया येत होती.

पण राजालाही दोष देववत नाही. तो स्वतःच घराबाहेर ठेवून शिकवलेला मुलगा. जन्म १७७७ चा, तुळजाजीराजांनी दत्तक घेतलेला. गादीवर चुलता अमरसिंग आणि वाड्यात जिवाची शाश्वती नाही. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्याची काळजी वाहिली आणि १७९३ साली पोराची रवानगी मद्रासला झाली. सोळाव्या वर्षी घर सुटलं, वर परकी भाषा आणि परके मास्तर. त्याचं ओरिएंटेशन कुणी घेतलं असेल देव जाणे, पण त्या मुलाचा उत्साह पुढे जन्मभर ओसरला नाही. १७९८ मध्ये राजा झाल्यावर त्याने पुस्तकं जमवली, त्यांवर सह्या केल्या, छापखाना घातला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसह टिपणंही ठेवली. गाईड मिळाला तर त्याला जो विद्यार्थी सोडायचा नसतो, त्यातला हा. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये फ्लॅक्समनने घडवलेलं संगमरवरी शिल्प आहे: श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आणि राजा त्याचा हात धरून उभा. मी ते लेकीला आवर्जून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, आपल्याकडे गाईड फोनसुद्धा उचलत नाहीत." हा अनुभव तिच्या मैत्रिणीचा, दुसऱ्याच एका गावातला, तरी खोटा वाटला नाही.

संध्याकाळी बृहदीश्वराला गेलो. तिथे प्राकाराच्या भिंतीवर १८०३ सालचा भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख आहे, लांबच लांब. मी मोठ्याने वाचत होतो आणि लेक 'हळू' म्हणत होती. तेवढ्यात मागून एक वृद्ध गृहस्थ मराठीत बोलले. मराठी खरं, पण चाल तमिळ. पहिली दोन वाक्यं माझ्या डोक्यावरून गेली. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. महाराष्ट्र त्यांनी पाहिला नव्हता.

"सातारा," मी गाव सांगितलं.

"म्हणजे थोरल्या घरचे," ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट पाहत विचारलं, "वाटणी मागायला तर नाही ना आलात?"

मला क्षणभर उलगडा होईना. मग आठवलं. एकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर १६७७ साली थोरले बंधू शिवाजीराजे दक्षिणेत उतरले आणि वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागू लागले. कोल्लिडम नदीकाठी भेट झाली, बोलणी लांबली, आणि धाकटे बंधू एका रात्री गुपचूप नदीपार निघून गेले. साडेतीनशे वर्षं होत आली. या आजोबांच्या लेखी तो विषय अजून मिटलेला नव्हता.

"नाही आजोबा, मुलीला शिकायला ठेवायला आलोय," मी म्हणालो.

"मग राहू दे," ते म्हणाले, आणि मोठ्या मनाने पुढच्या सूचना लेकीला देऊ लागले. बस कुठली धरायची, कुठली नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात जायचं असेल तर कधी. मेसमध्ये सांबार-भात, मग रसम-भात, मग ताक-भात, हा क्रम मोडायचा नाही. घरची आठवण आली तर त्यांच्याकडे डांगर पच्चडी खायला यायचं. सांबार मूळ आपलंच, संभाजीराजे तंजावरला आले तेव्हा मुदपाकखान्यात जन्मलेलं, हेही त्यांनी सांगून टाकलं. लेकीने विचारलं, "याला पुरावा काय?" पदव्युत्तर शिक्षणाचा परिणाम पहिल्याच दिवशी दिसू लागला. आजोबांनी तिच्याकडे दयेने पाहिलं आणि तिला पुन्हा एकदा बसचा नंबर सांगितला.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या मुलांच्या स्वागत समितीत तिला घेतलंय. परवा फोन आला, "बाबा, पाच मिनिटं बोलायचंय. काय सांगू त्यांना?"

मी खुशीत सुरुवात केली. कुरुवै, सरफोजी, श्वार्ट्झ, कोल्लिडमचा काठ. अमरसिंगापर्यंत आलो असेन, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, मी त्यांना मेसची वेळ आणि पासवर्ड सांगते. बाकीचं मागच्या रांगेतल्या कुणाला हवं असेल तर तुमचा नंबर देते."