सर्वानुमते मंजूर

ग्रामसभेत सगळ्यात सोपं काम म्हणजे हात वर करणं. ठराव वाचून संपायच्या आत "मंजूर, मंजूर" असा पुकारा होतो. सूचक आणि अनुमोदक मागाहून शोधून इतिवृत्तात घालतात. ही कला आम्हा गडमुडशिंगीकरांनाच काय, जगातल्या कुठल्याही गावाला शिकवावी लागत नाही. बायबल उघडलं की तिथेही हेच.

सिनाय पर्वताच्या पायथ्याशी मोशेने देवाचे नियम वाचून दाखवले. सगळी जमात एका सुरात म्हणाली, हे आम्ही पाळू. मोशे डोंगरावर गेला, चाळीस दिवस परतला नाही. तोवर खाली कानांतली सोन्याची कुंडलं गोळा होऊन पूजेला वासरू तयार! पुढे शखेमात मोशेच्या जागी आलेल्या म्हाताऱ्या यहोशवाने लोकांना तोंडावर सांगितलं, तुमच्याच्यानं हे व्हायचं नाही. लोक हट्टाला पेटले. शेवटी त्याने झाडाखाली एक मोठा धोंडा उभा केला आणि सांगितलं, यानं सगळं ऐकलंय, हाच साक्षीदार. आपल्याकडे शिलाहारांच्या काळात दान मोडणाऱ्यासाठी गद्धेगळ नावाच्या दगडावर शिवी कोरून ठेवायचे. माणसाच्या शब्दापेक्षा दगड भरवशाचा, याबाबत दोन्हीकडे एकमत दिसतं.

मला आवडतो तो नहेम्या. पारसच्या राजाचा हा प्यालेबरदार इ.स.पू. ४४५च्या सुमारास यरुशलेमला आला आणि पडका तट त्याने ५२ दिवसांत उभा करून घेतला. मग पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं आणि लोकांनी उभ्यानं ऐकलं. आपल्या ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं जमली तरी भागतं. तीही जमली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. एज्राला ही सोय ठाऊक नव्हती.

नहेम्याने नुसत्या होकारावर भागवलं नाही. करार लिहून घेतला, त्यावर ८४ जणांचे शिक्के उठवले. आत मोठमोठे शब्द कमी, कामाच्या गोष्टी जास्त. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी कुणी माल विकायला आणला तर घ्यायचा नाही. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, येणं सोडून द्यायचं. मंदिराला दरसाल शेकेलचा तिसरा हिस्सा. आणि वेदीसाठी सरपण कुठल्या घराने कधी आणायचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. देवाचा कायदा शेवटी सरपणाच्या पाळीवर येऊन ठेपतो, हे या माणसाने ओळखलं होतं.

तरीही मोडायचं ते मोडलंच. नहेम्या राजाकडे जाऊन परत येतो तो काय! वाटा न मिळाल्यामुळे मंदिरातले सेवेकरी लेवी शेतावर निघून गेलेले, शब्बाथाला द्राक्षं तुडवणं चालू, सोर शहरातले मासेवाले खुशाल गावात. गांधीनगरची कापडपेठ शेजारी असलेल्या आम्हाला यात नवल वाटत नाही. वेशीपाशी माल आला की पिशवी आपोआप हातात येते. नहेम्याने वेशी लावून घेतल्या. व्यापारी एकदोन रात्री बाहेरच झोपले, तेव्हा दम भरला, पुन्हा दिसलात तर हात टाकीन. परक्या बायका केलेल्या काहींचे तर त्याने केस उपटले. तिथे मात्र माझं त्याचं जमत नाही. वेशीवर पहारा ठेवावा, लोकांच्या सोयरिकीवर नव्हे.

आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, एकेक गोष्ट नाव घेऊन बंद. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांना हा कित्ता गिरवायला सांगितलं. हा ठराव मला नहेम्याच्या जातीचा वाटतो, कारण त्यात काय करायचं नाही ते स्पष्ट आहे. पण मयताच्या घरी, रडारड चालू असताना, बांगडी फोडायला सरसावलेला चुलतीचा हात धरायचा कुणी? सरपणाची पाळी ती हीच.

तेव्हा असा ठराव करणाऱ्या प्रत्येक गावाला एक विनंती. त्याच कागदावर खाली, त्या घरी जाऊन उभं राहणाऱ्यांची नावं लिहा. पहिलं नाव सरपंचांचं नसलं तरी चालेल. तुमचं असू द्या.