पावणेबारा म्हणजे पावणेबारा

पापनाशमला आम्हाला सव्वा तास मिळाला. जन्मभराच्या पापांना सव्वा तास तसा कमीच, पण बाराला देऊळ बंद होतं आणि जेवण कुंभकोणमला सांगून ठेवलेलं. तेव्हा ज्याने त्याने आपली मोठी मोठी पापं आधी काढून घ्यावीत, हे बरं. टूर मॅनेजरने माईकवर तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं, “मंडळी, पावणेबारा म्हणजे पावणेबारा. राहील त्याने रिक्षाने यावं.” तंजावरहून निघून 25 किलोमीटर झाले होते आणि निम्मी बस अजून सकाळच्या पोंगलच्या गुंगीत होती.

ही धमकी मी याआधी समुद्रावर ऐकली आहे. कॅरिबियनच्या क्रूझवर ‘किनाऱ्यावर एक दिवस’ असं छापलेलं असतं, पण तो दिवस नसतोच. न्याहारी आटपून, गळ्यातलं कार्ड मशीनला दाखवून उतरेपर्यंत दहा वाजतात आणि दुपारी साडेचारला सगळे आत हवेत. मधल्या वेळात एक अख्खं बेट उरकायचं. सेंट थॉमस बेटावरच्या शार्लट अमाली गावात टेकडीवर चढणारा एक जुना जिना आहे. डेन्मार्कहून येणाऱ्या जहाजांत वजनासाठी भरलेल्या विटांचा, अठराव्या शतकातला. नाव ‘नव्व्याण्णव पायऱ्या’, आणि भरतात 103. हे जगजाहीर आहे, तरी जो तो मोजतच चढतो. वर पोचल्यावर खाली निळं पाणी आणि त्यात आपलं जहाज दिसतं. अजून आहे ना, एवढीच खात्री करून माणसं उतरायला लागतात. संध्याकाळी डेकवरची मंडळी उशिरा पळत येणाऱ्यांना टाळ्या वाजवून दाद देतात. जहाजावरचा एवढा एकच कार्यक्रम मला मनापासून आवडला.

हे डेन्मार्कवाले इकडेही येऊन गेलेत. 1620 साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने त्यांना तरंगंबाडीला जागा दिली; त्यांचा किल्ला तिथे समुद्रकाठी अजून उभा आहे. 1845 साली त्यांनी तरंगंबाडी इंग्रजांना विकली आणि 1917 साली सेंट थॉमस, आणखी दोन बेटांसकट, अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला. दोनशे-अडीचशे वर्षं राहून, शेवटी सामान विकून परत. लांबलेली टूरच म्हणायची. नायकांच्या काळातलं विटांचं एक धान्याचं कोठार पापनाशमच्या पालैवननाथाच्या देवळात आहे. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ते ‘धावतं दर्शन’ या सदरात होतं, म्हणजे खिडकीकडे बसलेल्यांचं नशीब.

नायकांमागून इथे आपले भोसले आले. त्यांनी रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रं चालवली. सरफोजीराजांनी 1801 साली इंग्रज रेसिडेंटला या छत्रांची हकिगत लिहून पाठवली होती: येईल त्याला जेवण, आजारी पडेल त्याला बरा होईपर्यंत औषध आणि पथ्याचं अन्न. पुढच्या मुक्कामाची वेळ गाठायची घाई त्यात कुठे नाही. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांना मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, “बरोबर आहे, तेव्हा आगाऊ बुकिंग नव्हतं.”

आम्ही उतरलो ते देऊळ 108 शिवलिंगांचं. आत लिंगांच्या ओळीच्या ओळी, कपाळी विभूती, तेलाचा वास. भाविक आणि पटपडताळणीला आलेले मास्तर यांत फरक कळू नये, अशी सगळी मंडळी ओठांनी आकडे पुटपुटत फिरत होती. आमच्यातल्या एका काकूंनी तर घरूनच 108 शेंगदाणे मोजून आणलेले. लिंगाला नमस्कार की एक दाणा डाव्या मुठीतून उजवीकडच्या पिशवीत. गाभाऱ्यातल्या रामलिंगाला हात जोडून झाले आणि एक दाणा उरला.

काकू परत पहिल्या ओळीपाशी. पुन्हा एक दाणा शिल्लक. बाहेर बसचा हॉर्न. शेवटी पुजाऱ्यांनी खुणेने दाराबाहेर बोट दाखवलं.

गोष्ट अशी सांगतात की, रावणाला मारून परतताना खर-दूषणांच्या वधाचं पाप अजून मागे लागलंय, असं रामाला इथे जाणवलं. त्याने मारुतीला लिंग आणायला काशीला धाडलं. मारुती येईना. तोवर सीतेने वाळूची 107 लिंगं करून टाकली. मारुती पोचतो तो पूजा आटोपलेली. त्याने रागाने रामलिंगाला शेपटी गुंडाळून उपटायचा प्रयत्न केला, लिंग काही हललं नाही. मग रामाने समजूत घातली: तुझंही लिंग इथेच राहील आणि त्याचं दर्शन घेतल्याशिवाय पूजा पुरी व्हायची नाही. रामेश्वरलाही अशीच उशिराची गोष्ट आहे, तिथे तर मारुतीच्या लिंगाला आधी मान. म्हणजे ज्याला क्रूझवाल्यांनी धक्क्यावर ठेवून दिलं असतं, त्याच्यापाशी इथे सगळ्यांनी जायचं.

काकू बाहेरचं दर्शन घेऊन बसपाशी आल्या तेव्हा बारा वाजत आले होते. मॅनेजर पायरीवर उभा, तोंडात शिट्टी. काकूंनी एकशेआठवा दाणा त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, “घे, मारुतीचा प्रसाद. त्यालाही उशीर झाला होता.”

दाणा खायचा तर शिट्टी काढायला हवी, म्हणून त्याने ती काढली. तेवढ्यात आणखी चौघं फिल्टर कॉफी घ्यायला उतरले.