काकू, खरं खरं सांगा

"काकू, खरं खरं सांगा" असं म्हणत जो पोरगा मोबाइल पुढे करतो, त्याला खऱ्याखेरीज काहीही चालतं. भुसावळात अशी पोरं हल्ली गल्लोगल्ली झाली आहेत. 'हाई झुमका वाली पोर' या अहिराणी गाण्यानं खानदेशाची वेस ओलांडली, अहिराणीचा गंध नसलेले लोकही त्यावर नाचले, आणि तेव्हापासून आमच्याकडे ज्याच्या घरी एक जास्तीची खोली आणि एक कम्प्युटर आहे, त्याच्या घरी स्टुडिओ आहे. खोली म्हणजे पत्र्याखालची माडी. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, दाराला ब्लँकेट. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर आणि कूलर बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. अशा भट्टीत बसून पोरगा पावसाचं गाणं गातो, आणि त्यात जी आर्तता येते ती अगदी अस्सल असते.

कूलर बंद करता येतो, रेल्वे बंद करता येत नाही. भुसावळ हे जंक्शन. यार्डात शंटिंग चोवीस तास. "दोन गाड्यांच्या मध्ये रेकॉर्ड कर" असं बाहेरगावचा माणूसच सांगू शकतो. इथं दोन गाड्यांच्या मध्ये तिसरी असते. त्यामुळे आमच्याकडच्या बहुतेक गाण्यांत दुसऱ्या कडव्याच्या आसपास लांबवर एक भोंगा असतोच. ज्यांना ठाऊक नाही ते त्याला शहनाई समजतात.

मी भजनी मंडळात पेटी वाजवते. एवढ्या भांडवलावर गल्लीनं मला परीक्षक नेमलं आहे. सुरुवातीला वाटलं, गाणं ऐकायचं आणि चांगलं की वाईट ते सांगायचं, यात काय अवघड? पण पोरांना गाण्याबद्दल काही ऐकायचंच नसतं. चाल ठरलेली, शब्द ठरलेले, व्हिडिओसाठी केळीच्या बागेत नाचूनही झालेलं असतं. त्यांना विचारायचं असतं ते मिक्सबद्दल. ढोलकी, बासरी, कीबोर्ड, कोरस, गायक असे पंधरा-वीस ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड होतात; त्यांतला कोण किती मोठा, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कोणाला किती इको, हे सगळं बसवणं म्हणजे मिक्सिंग. मोठ्या स्टुडिओत हे काम करणारे लोक वेगळे असतात. आमच्याकडे जो गातो, तोच चाल लावतो, तोच मिक्स करतो आणि तोच रात्री साडेअकराला विचारतो, "काकू, झोपल्या का?"

पोरगा माझ्याकडे येईपर्यंत मिक्सवर बऱ्याच जणांचा हात फिरलेला असतो. गायक मित्र असला तर तो म्हणतो, "माहा आवाज दबू राह्यला भो, वाढव ना." ढोलकीवाला म्हणतो, ढोलकी वाढव. बासरीवाला काहीच म्हणत नाही, दोनदा ऐकतो आणि उसासा टाकतो; त्यालाही तेच म्हणायचं असतं. ज्या भाऊंनी गाण्याला पैसे दिले, त्यांचं म्हणणं असं की सुरुवातीला आमचं नाव घेतात, तेवढं फक्त वाढव. 'कमी कर' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, निदान स्वतःच्या वाद्याबद्दल म्हणणारा. पोरगा बिचारा सगळ्यांचं ऐकतो. सगळंच वाढलं की कुणीच वाढलेलं नसतं, हे त्याला स्क्रीनवरचे सगळे दिवे लाल झाल्यावर कळतं. कम्प्युटरमध्ये आवाजाला शून्य डेसिबलचं छत असतं. त्याच्या वर जाणाऱ्या लहरीचं डोकं सरळ कापलं जातं, आणि स्पीकरमधून फडका फाडल्यासारखा आवाज येतो. पोरं त्याला 'क्लिप झालं' म्हणतात. लग्नात मात्र त्यालाच 'दणका' म्हणतात.

पण 'वाढव' म्हणणाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली माणसाच्या कानाची मोजमापं छापली. त्यातून दिसलं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर, म्हणजे पोरांच्या भाषेत बेस, फारच कमी ऐकू येतात. आवाज मोठा केला की तोच बेस भरून येतो. म्हणजे एकच मिक्स मोठ्यानं लावला की अधिक भरदार, अधिक चांगला वाटतो, त्यात कवडीचाही बदल न करता. ढोलकीवाला खोटं बोलत नसतो, त्याच्या कानाला ते खरंच वाटतं. म्हणूनच दोन मिक्सची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा लागतो. पुढची गंमत अशी, की इतकं वाढवून यूट्यूबवर चढवलेलं गाणं यूट्यूब आपणहून ठरावीक पातळीपर्यंत खाली आणतं. दणका जातो आणि फाटलेपण तेवढं उरतं.

आता दुसरी जमात. यांना गाणं पाठवलं की अंगठा येतो. चार मिनिटांच्या गाण्यावर अर्ध्या मिनिटात अंगठा! शब्द आलाच तर 'एक नंबर'. आमच्याकडे भरीतही एक नंबर असतं, हळदही एक नंबर, आणि दीपनगरचं वीज केंद्र उशाशी असूनही लाइट गेली की जो इन्व्हर्टर चालतो तोही एक नंबर. या मताचा उपयोग काय करायचा? पोरगा खूश होतो, आणि तिसऱ्या दिवशी तेच गाणं मोठ्या गाडीत ऐकून तोंड पाडून येतो.

खरं मत मला पहिल्यांदा ऐकायला मिळालं ते शेजारच्या पोराच्या आईकडून. ती कणीक मळत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "काय म्हणू राह्यला तो? शब्दच समजत नाहीत." पोरगा चिडला. तुला यातलं काय कळतं, असं आईला म्हणण्याचा जो जागतिक हक्क पोरांना आहे तो त्यानं बजावला. पण तिचं बरोबर होतं. शब्द कळतात ते क, च, ट, स अशा व्यंजनांमुळे, आणि त्यांचा बराचसा जीव दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो. पोरानं कीबोर्ड आणि झांजा नेमक्या तिथंच ठासून भरल्या होत्या. त्यानं गायकाला न वाढवता कीबोर्डच तिथून थोडा खाली घेतला. शब्द लख्ख बाहेर आले. आईला श्रेय मिळालं नाही, अर्थातच.

यामाहाचा एनएस-टेन नावाचा एक स्पीकर 1978 साली आला. पांढऱ्या पडद्याचा, घरी गाणी ऐकण्यासाठी बनवलेला. घरी तो फारसा कुणाला आवडला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंत टेबलावर जाऊन बसला, कारण तो काहीही गोड करून सांगत नसे. त्यावर बरं वाजलं ते कुठंही बरं वाजतं, अशी त्याची ख्याती होती. त्याचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली. कणीक मळणाऱ्या आया मात्र चालू आहेत.

आणि आमचे हे. हे रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगनमधून रिटायर झाले. गाडी फलाटावर लागली की चाकांवर लांब दांड्याची हातोडी मारत जायचं, हे काम त्यांनी उमेदीत केलेलं. धडधाकट चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. त्या माणसानं 'चाकं छान आहेत' किंवा 'गाडी काही जमली नाही' असं सांगून भागत नाही. कितव्या डब्याचं, कोणत्या बाजूचं, कितवं चाक, हे सांगावं लागतं. यांना संगीतातलं काही कळत नाही. बालगंधर्वांचं शालेय शिक्षण जळगावला झालं, एवढा एकच त्यांचा संगीताशी संबंध, तोही जिल्ह्यामार्फत. पण पोरानं गाणं लावलं की हे पेपर बाजूला ठेवतात, पूर्ण ऐकतात, आणि म्हणतात, "एक मिनिट दहा सेकंदांनंतर काहीतरी सैल आहे. डाव्या बाजूला." बस. चांगलं नाही, वाईट नाही. पोरगा वर जाऊन तिथं बघतो, तर ढोलकीची थाप आणि बेसचा सूर केसभर पुढेमागे पडत असतात. उपाय हे कधीच सांगत नाहीत. हातोडीवाल्यानं चाक बदलायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हापासून हीच रीत उचलली आहे. दोन-तीन ठिकाणं सांगते, सेकंदासकट. आवडलेली जागाही तशीच सांगते, कारण पोरं ऐन भरात येऊन नेमकं चांगलं तेच आधी बदलून टाकतात. एकदा एका पोरानं माझ्या सांगण्यावर वाद घातला, की तो इको मुद्दाम ठेवलाय. त्यात काय, गाणं त्याचं आहे.

काही मतांवर मात्र इलाज नाही. त्याच गाण्यावर अमळनेरच्या एका नातलगाचं मत आलं, "गानं चांगलं शे, पन अहिराणी भुसावळनी शे." आमच्या भागात लेवा गणबोली जास्त, धुळे-अमळनेरकडची अहिराणी वेगळी; ते चूक नव्हते. पण मिक्समध्ये असं कोणतं बटण आहे?

या सगळ्याचा शेवटचा परीक्षक डीजेवाला. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन. मिरवणुकीसाठी पोरानं केलेलं गाणं डीजेवाल्याकडे गेलं. आम्ही सगळ्यांनी मिळून डावं-उजवं सारखं केलं होतं, शब्द मोकळे केले होते, बेस आवरला होता. त्यानं पेनड्राइव्ह लावला, गाणं अर्धवट ऐकलं, आणि बेसचं बटण वळेल तेवढं वळवलं. मिरवणूक नाचली. आमचे हे म्हणाले, "आता सगळीच चाकं बद्द."

तरीही पोरांनो, गाणी पाठवत राहा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा; नाहीतर ती दाबली जाऊ शकते, आणि मग मी दोष त्या दाबण्याला देते की तुम्हाला, हे मलाच समजत नाही. कानबाईच्या आदल्या रात्री पाठवू नका, त्या रात्री मला नैवेद्याच्या रोटाचं दळण निवडायचं असतं. आणि 'खरं सांगा' असं लिहू नका. 'कुठं खटकतं' एवढंच लिहा.